निर्व्याज

रविवारी नऊच्या मिस्सेनंतर
पतपेढीचं शटर मी अर्धंच वर करते.
माणसं वाकून आत येतात,
देवळात वाकतात त्याहून थोडी जास्तच.

भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर,
खाली फळा : वैयक्तिक कर्ज साडेबारा टक्के,
थकल्यास वर दोन.
लाल बल्बचा उजेड दोन्हींवर सारखाच.

आज प्रवचनात फादर म्हणाले,
देवाचं प्रेम निर्व्याज आहे.
बाकांवर सगळे आमचेच सभासद.
कुणी हसलं नाही.

माझ्या आजीचा बाप पास्कू किणी
मिठागरावरच्या मजुरांना पैसे द्यायचा,
रुपयामागे महिन्याला दोन पैसे.
त्याला तो व्याज म्हणत नसे. खुशी म्हणे.
कुणी खुशीने सुकी करंदी आणून दिली, कुणी मीठ,
एकाने पोरीच्या कानातलं.
उपासाच्या दिवसांत तो कुमसाराला जाई.
पाद्री विचारी, व्याज घेतोस?
खुशी घेतो, म्हणे.
मग जाळीच्या पलीकडे बराच वेळ कुणी नसल्यासारखं.

मरताना त्याने खाडीकडचं शेत चर्चला लिहून दिलं.
भक्तीने नाही गं, आजी सांगायची, घाबरून.
व्याजखाऊला पवित्र मातीत पुरत नसत एके काळी,
हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

त्या शेतात आता आमची पतपेढी आहे.

बुधवारी फादर तुस्कानो वर्ग घेतात.
आठ बायका, एक पेन्शनर, खडखडणारा पंखा.
पैसा वांझ, असं जुने लोक मानत, ते म्हणाले,
नाण्याच्या पोटी नाणं जन्मत नाही.
आणि मुदत म्हणजे काळ. काळ देवाचा.
देवाची वस्तू विकणारा चोर.
मग जहाजं लांब जाऊ लागली.
कुणी पंडित म्हणाला, देणाऱ्याचंही नुकसान होतंच की,
तेवढं भरून घ्यावं.
एक फट पडली. फटीचं दार झालं.
शेवटी रोमहून निरोप आला :
कायद्याच्या दराने घेतात त्यांना कुमसारात छळू नका,
पुढचं पुढे ठरवू.
ते पुढचं, फादर चष्मा पुसत म्हणाले,
कुणी पुन्हा काढलं नाही.

मी विचारलं, म्हणजे शिकवण बदलली?
शिकवण तीच, पैसा बदलला.
तेव्हा कर्ज भुकेल्याला असे, आता धंद्याला.
मागून पेन्शनर सिल्वेस्टरकाका :
म्हणजे विहीर तीच, पोहरा नवा.
सगळे हसले. मीही.
पण माझी वही मला पाठ आहे :
अकरावीचं डोनेशन,
कतारच्या एजंटाला दिलेले सत्तर हजार,
केमोच्या तीन फेऱ्या, एक शवपेटी.
धंदा शोधायला पानं उलटावी लागतात.

आज अपोलीन केणी आली.
नवऱ्याचं डायलिसिस, तीन हप्ते थकलेले.
दंडव्याज कॉम्प्युटर काढतो,
मला नुसतं बटण दाबायचं असतं.
अकराशे सेहेचाळीस.
कमी नाही होणार? तिने विचारलंच नाही.
विचारलं असतं तर मी समितीचं नाव घेतलं असतं.
सही करून ती म्हणाली, बरं झालं गं
तुम्ही आहात ते.
आणि पिशवीतून कागदाची पुडी काढली,
काउंटरवर ठेवली.
भाटीला वाळवलेली करंदी.
असू दे, म्हणाली, खुशीने आणलीय.

पावतीपुस्तक उघडं होतं.
मी नको म्हणायला तोंड उघडलं
तोवर ती वाकून शटरखालून गेलीसुद्धा.

दुपारपर्यंत खणातून वास येत राहिला.
लोक नाक वर करून बघत,
मग तसबिरीकडे, मग माझ्याकडे.

रात्री कांद्यात परतली.
पास्कूच्या पणतीने दोन पोळ्यांशी खाल्ली.
चांगली होती.
जरा खारट.